चोविसाव्या ट्रॅकवरची नीलांबरी

वजन साधारण पाच किलो, लांबी साडेसातशे मीटर, रुंदी दोन इंच. ही माझी मापे. मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. तुमच्या आजोबांच्या कपाटात एखादी कॅसेट असेल, तर ती माझी धाकटी चुलत बहीण समजा. ती खिशात मावते. मला उचलायला दोन्ही हात लागतात.

मी ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या रिळावर गुंडाळलेली आहे. रिळाच्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांना तीन-तीन खिडक्या आहेत आणि त्या खिडक्यांतून माझी कड दिसते. या खिडक्या लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे वाईट झाले, ते तिथूनच आत आले.

माझा जन्म १९७६ सालचा. आधी पॉलिएस्टरचा एक पातळ, लांबलचक पट्टा केला गेला. त्यावर तपकिरी पूड थापली. ही पूड म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, जवळजवळ गंजच म्हणा ना. आवाज साठतो तो या पुडीत. पण नुसती पूड पट्ट्यावर टिकणार कशी? म्हणून ती एका चिकट रसायनात कालवतात. त्या रसायनाला एक खोड आहे. ते हवेतले बाष्प हळूहळू पिते आणि त्याचे लांब रेणू तुटू लागतात. मग पूड सुटते, आणि पुडीबरोबर आवाज. ज्यांनी मला घडवले, त्यांनाही ही गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती.

पुढच्याच जानेवारीत मी न्यू जर्सीत, पार्सिपनीजवळच्या एका स्टुडिओत पोहोचले. पूर्वी तिथे सफरचंदांचे शीतगृह होते. भिंती हातभर जाड होत्या, म्हणून बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला बाहेर जात नसे. 'टिन ऑर्चर्ड' नावाचा चार जणांचा रॉक बँड तिथे 'फोर विंटर्स' हा अल्बम करत होता. अल्बम दोन तबकड्यांचा होता. दोन तबकड्या म्हणजे चार बाजू.

या चार बाजूंवरून रोज भांडण होई. निर्माते मिस्टर क्लेबर्न म्हणत, "चौथी बाजू कोण ऐकणार? तिसऱ्या बाजूलाच लोक जेवायला उठतात."

गायक डॉनी म्हणे, "मग जेवून परत येतील."

त्या अल्बमसाठी आम्ही सव्वीस फिती वापरल्या गेलो. मी सव्विसावी. चौथ्या बाजूचे शेवटचे गाणे माझ्या वाट्याला आले.

एखाद्या रुंद महामार्गावर शेजारी शेजारी लेन असतात, तसे माझ्यावर चोवीस ट्रॅक आहेत. ड्रम वेगळ्या ट्रॅकवर, गिटार वेगळ्या, गाणाऱ्याचा आवाज वेगळ्या. एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. महत्त्वाचे आवाज मधल्या ट्रॅकवर ठेवतात. कडेचे दोन, म्हणजे पहिला आणि चोविसावा, किरकोळ कामांसाठी राखतात, कारण झिजते आणि दुमडते ती नेहमी कड.

हे सगळे मला कळले ते अरुणमुळे. तो आज शहात्तर वर्षांचा आहे. पण मी त्याला अठ्ठाविसाव्या वर्षापासून ओळखते, म्हणून अरेतुरे करते. तो नागपूरचा. इथे इंजिनिअरिंग शिकला आणि या स्टुडिओत यंत्रे सांभाळण्याच्या नोकरीला लागला. रोज सकाळी तो कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेप मशीनचा एकेक भाग पुसे. मग ठरलेल्या कंपनांचा स्वर वाजवून मापकाचा काटा बरोबर जागी येतो की नाही ते पाही. मला तो पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय कधी हात लावत नसे. बोटांचा घाम फितीला वाईट, असे तो इतरांना बजावे. मित्रांनो, हे हातमोजेही लक्षात ठेवा.

चौथ्या बाजूचे गाणे काही केल्या जमत नव्हते. गाणे अचानक सुरू व्हायचे होते, सगळ्यांनी एकाच क्षणी. ड्रमवाला काड्या आपटून मोजे, पण कुणी ना कुणी आधी घुसे. चाळीस वेळा झाले. चाळीसही वेळा पुसले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दार उघडले आणि बर्फाने पांढरी झालेली एक मुलगी आत आली. कोटाखाली साडी, पायांत अरुणचे जुने बूट. ती नीलांबरी, अरुणची बायको. लग्न होऊन अमरावतीहून येऊन तिला जेमतेम पाच महिने झाले होते.

"अहो, डबा विसरलात."

"एवढ्या बर्फात कशाला आलीस? मी काहीतरी खाल्लं असतं."

"काहीतरी म्हणजे तो गारढोण पाव. त्यापेक्षा बर्फ बरा."

डॉनी अजून आला नव्हता आणि त्याच्या माइकची चाचणी घ्यायची होती. अरुण म्हणाला, "बरी आलीस. त्या स्टुलावर बस आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. काल काय केलंस ते सांग."

चाचणीच ती, म्हणून नियमाप्रमाणे त्याने कडेचा चोविसावा ट्रॅक निवडला आणि मला फिरवले. नीलांबरीने आधी घसा खाकरला. मग म्हणाली, "काल मी भाकरी केली. म्हणजे करायला घेतली. तर छताला ती गोल डबी आहे ना, ती ओरडायला लागली! खालची बाई धावत वर आली, तिला वाटलं आग लागली. मी म्हटलं, नो फायर, भाकरी. मग ती बसली, आणि दोन खाऊन गेली. अहो, पुरे की अजून बोलू? हे लोक एवढ्या मोठ्यानं वाजवतात, शेजारी तक्रार नाही करत?" आणि ती हसली. सगळे मिळून चाळीस सेकंद.

अरुणने ते परत लावून ऐकले, तेव्हा डॉनी बूट झटकत दारात उभा होता. शब्द त्याला कळले नाहीत. पण तो म्हणाला, "आजचं गाणं या बाईंना मोजू दे."

ड्रमवाला जागेवर बसला. त्याच्या भोवतीचे माइक चालू झाले. डॉनीने आपला माइक स्वतःपुढे नेला; नीलांबरी त्याच स्टुलावर, ड्रमपासून दहा-बारा फुटांवर बसली. तिला वाटले, इंग्रजीत मोजायचे. डॉनीने मान हलवून 'नाही' म्हटले. तुमच्या भाषेत.

"एक. दोन. तीन. चार."

आणि चौघेही एकाच क्षणी सुरू झाले. नऊ मिनिटांचे ते गाणे पहिल्या फटक्यात जमले. मी इतक्या वेळा पुसली गेले होते. त्या दिवशी मला पुसायचे नाही असे ठरले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस. दुसरा तसा आला नाही.

एप्रिलमध्ये सगळे ट्रॅक एकत्र करून अंतिम फीत तयार झाली. बँड दौऱ्यावर होता. क्लेबर्न ऐकता ऐकता थांबले. "हे मोजणं कुठल्या भाषेतलं? लोक त्याचाच विचार करत बसतील. कापा."

कापणारा अरुणच होता. त्याचे व्हिसाचे कागद अजून आले नव्हते. ते यायला ही नोकरी टिकणे गरजेचे होते. त्याने अंतिम फीत कापायच्या ठोकळ्याच्या खाचेत बसवली आणि धारदार पात्याने पंचेचाळीस अंशांत छेद दिला. छेद अगदी अचूक होता. पहिल्या ठोक्याच्या आधी आता काहीच उरले नाही. मूळ मोजणे फक्त माझ्यावर राहिले.

पुढचे मी पाहिलेले नाही. अरुणने मला नंतर सांगितले. अल्बम आला तेव्हा नीलांबरीने खालच्या बाईला, त्याच भाकरीवाल्या बाईला, मुद्दाम बोलावले. चौथी बाजू लावली. गाणे सुरू झाले. नीलांबरी म्हणाली, "परत लावा हो. माझं लक्ष नव्हतं बहुतेक." अरुणने परत लावले. तिसऱ्यांदाही लावले. ते आपणच कापले, हे त्याच्याने सांगवले नाही. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे. गाणं छान आहे."

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव उत्तरा. उत्तरा चार वर्षांची असताना नीलांबरी आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली. तिचा आवाज कुठेच ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. माझ्याखेरीज कुठेच.

त्याच सुमारास स्टुडिओ बंद झाला. माझ्या पंचवीस बहिणींना पुसून दुसरीकडे वापरायला पाठवले. मला अरुणने मागून घेतले. गाडीच्या मागच्या सीटवर एका बाजूला झोपलेली उत्तरा आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही तिघे नव्या नोकरीच्या गावी, टेक्सासमधल्या शुगर लँडला आलो.

मित्रांनो, शुगर लँडला हवा अशी असते की मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. मला तिथे गॅरेजमध्ये जागा मिळाली. एका बाजूला रंगाचे डबे, दुसऱ्या बाजूला पाणी तापवायची टाकी. माझ्या पाठीवरचे गाणे दरम्यान जगभर गाजले. कुंपणापलीकडचा शेजारी गवत कापताना ते लावी. तेव्हा गॅरेज झाडणारा अरुण हातातला झाडू थांबवी आणि पहिल्या ठोक्याच्या आधीची शांतता ऐके. मग पुन्हा झाडू लागे.

मला वाजवील असे मशीन घरी नव्हते. ते फ्रिजएवढे मोठे असते. शोधले असते, तर ह्यूस्टनमध्ये कुठेतरी सापडले असते. पण वाजवायचे म्हणजे उत्तराला सांगायचे, आणि सांगायचे म्हणजे त्या पात्याचेही सांगायचे. अरुणने ते टाळले. त्याऐवजी तो माझी पूजा करू लागला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारे आणि यंत्रे पूजतात. अरुण दर दसऱ्याला मला खोक्यातून काढून टेबलावर ठेवी. झेंडूचे फूल पाण्यात बुडवून माझ्यावर शिंपडी. मग खिडक्यांतून दिसणाऱ्या माझ्या कडेवर उघड्या बोटांनी हळद-कुंकू वाही, अक्षता टाकी, हात जोडी आणि हळू आवाजात माझ्याशी बोले. ओल्या अंगाने मी पुन्हा खोक्यात जाई. खोके पुन्हा गॅरेजमध्ये. असे बेचाळीस दसरे झाले. दर वेळी जी कड वर असे, ती चोविसाव्या ट्रॅकची होती.

मला ओरडता आले असते, तर मी ओरडले असते. पण फितीला स्वतःचा आवाज नसतो.

गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर अरुण उत्तराकडे राहायला गेला. तिचे घर चार गल्ल्या सोडून. तिथेही मला गॅरेजच मिळाले. गेल्या दसऱ्याला मी टेबलावर आले, तेव्हा शेजारी जावई राजीवच्या गाडीच्या किल्ल्या होत्या आणि नात अनयाचा प्रयोगशाळेतला चष्मा. अनया नुकतीच पदवीधर झाली होती आणि प्लास्टिक कसे जुने होते याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिने वाकून माझा वास घेतला. मेणचट वास. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आजोबा, ही टेप कुणाची?"

"माझीच."

"यावर काय आहे?"

अरुणच्या हातात ओले फूल होते. गेली दोन वर्षे त्याला कानात यंत्र घालूनही कमी ऐकू येत होते. आणखी उशीर केला तर आपल्याला काहीच ऐकू येणार नाही, म्हणूनच कदाचित त्याला अधिक थांबवेना. तो म्हणाला, "तुझ्या आजीचा आवाज."

स्वयंपाकघरात श्रीखंड वाढणारी उत्तरा तशीच बाहेर आली. "बाबा, काय म्हणालात?"

त्याने सगळे सांगितले. डबा, स्टूल, भाकरी, मोजणे. पातेही सांगितले.

उत्तरा माझ्याजवळ आली. "मला आईचे हात आठवतात. मोरपिशी साडी आठवते. आवाज आठवत नाही. हे मी तुम्हाला किती वेळा बोलले, बाबा? आणि ही गॅरेजमध्ये होती? रंगाच्या डब्यांशेजारी?"

"हो."

"आईला तरी सांगितलंत, कुणी कापलं ते?"

"नाही."

उत्तराच्या हातातल्या चमच्यावरचे श्रीखंड जमिनीवर पडले, ते कुणी पुसले नाही.

अरुण उठू लागला. "मी आजच कुणाला तरी फोन करून मशीन—"

"नो, नो, आजोबा!" अनया म्हणाली. "आत्ता प्ले केली तर सगळी पूड मशीनला चिकटेल. शी इज टू वेट. आधी बेक करावी लागेल. चोपन्न डिग्री, दहा तास."

"बेक? ओव्हनमध्ये?" उत्तराने विचारले.

"ओव्हन नाही, त्यात टेंपरेचर वरखाली होतं. तुझं ते वाळवणाचं मशीन आहे ना, कुरडयांचं?"

"त्यात परवाच आंबापोळी केली मी."

"पुसून घेऊ, मम्मा."

उत्तरा एकदम रडू लागली आणि रडता रडताच हसली. "आईला कळलं असतं, तिला कुरडईसारखं वाळवणार आहेत..."

भाजण्याआधी अनयाने मऊ कुंचल्याने माझ्या खिडक्या साफ केल्या. पिवळे निघाले, लाल निघाले, तांदळाचे दाणे निघाले. कडेजवळची माझी तपकिरी पूड त्यांच्याबरोबर पापुद्र्यासारखी सुटून येत होती. हातमोजे घातलेल्या तिच्या बोटांकडे अरुण एकटक पाहत होता.

"कशानं झालं हे?" त्याने विचारले.

"ह्युमिडिटी, आजोबा. टेक्सास यू नो."

"अनया, ह्युमिडिटी सगळीकडे सारखी लागेल. ही एकच कड का खाल्ली गेलीय?"

अनयाने कुंचला खाली ठेवला. कुंकवात चुना असतो आणि ओला चुना माझ्यातल्या चिकट रसायनाला फार लवकर तोडतो, हे तिला माहीत होते. पण तो इंजिनिअर होता. त्याला सांगावे लागले नाही. तो खुर्चीत बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे बघत राहिला.

त्या शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी चोपन्न अंशांत फिरत्या गरम हवेत पडून होते. अनया तासातासाला मला उलटी करी. रेणूंच्या फटींतले पाणी हळूहळू निघत होते. मात्र मित्रांनो, भाजल्याने पाणी जाते. गेलेली पूड परत येत नाही.

दहा दिवसांनी आम्ही ह्यूस्टनला मोनाकडे गेलो. ती जुन्या फिती संगणकात उतरवण्याचे काम करते. तिने स्पष्ट सांगितले, "एकदाच नीट वाजेल. दुसऱ्यांदा मी हमी देत नाही." उत्तरा पुढे बसली, तिच्या शेजारी अरुण. अनया मागे उभी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांनी मी फिरू लागले.

मोनाने फक्त चोविसावा ट्रॅक मोठा केला. खरखर. मग तुटक काहीतरी, जणू कुणी जाड गोधडीखालून बोलत आहे. "...काल..." एवढा एक शब्द आला असे उत्तराला वाटले. अनयाला वाटले नाही. नंतर पुन्हा खरखर. भाकरी गेली, गोल डबी गेली, खालची बाई गेली. हसणे गेले. चाळीस सेकंद संपले. ज्या ट्रॅकवर नीलांबरी बोलली होती, तो काही ठिकाणी आता काचेसारखा आरपार दिसतो.

अरुणने डोळे मिटून घेतले.

"थांब," अनया अचानक म्हणाली. "मोना, पुढे तिनं काउंट केलं तेव्हा ड्रमचे माइक ऑन होते. आजोबा म्हणाले ना? ते ट्रॅक कुठले?"

"नऊ ते तेरा," मोनाने खोक्यावरची यादी वाचून सांगितले.

"मधले," अनया म्हणाली. "तिथपर्यंत कुंकू पोचलं नसणार."

मोनाने नऊ ते तेरा उघडले. रिकाम्या खोलीचा गार आवाज आला. कुणीतरी खुर्ची सरकवली. आणि मग, दहा-बारा फुटांवरून, जाड भिंतींच्या खोलीतून, ड्रमसाठी लावलेल्या माइकमध्ये सहज शिरलेला एका मुलीचा आवाज.

"एक. दोन. तीन. चार."

ठोका पडला आणि गाणे सुरू झाले. मोनाने आवाज बंद केला.

उत्तरा स्पीकरकडे झुकली. मग म्हणाली, "ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी वाटते. हाक मारली तर येईल."

अरुण तिच्या तोंडाकडे पाहत होता. इतका क्षीण आवाज त्याच्या कानांपर्यंत पोहोचलाच नव्हता. "आला का?" त्याने विचारले. "उत्तरा, आला का तिचा आवाज?"

उत्तराने त्याला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा वर केला आणि एका बोटाने त्यावर, त्याच लयीत, चार ठोके दिले.

मी आता अनयाच्या कपाटात कोरड्या डब्यात असते. मशीनवर माझी बरीच पूड राहिली. मला पुन्हा कुणी वाजवणार नाही. चार आकडे संगणकात उतरले आहेत. उत्तरा कधी कधी ते ऐकते आणि पाचवा आकडा येण्याआधी थांबवते. तो कधीच नव्हता, तरी थांबवते.

मित्रांनो, अरुण वाईट माणूस नाही. तो मला कधी विसरला नाही, त्याने मला फेकले नाही, वर्षातून एकदा हात जोडायला तो चुकला नाही. पण ज्या हातमोज्यांनी तो परक्यांची गाणी सांभाळत होता, ते त्याने स्वतःच्या माणसासाठी घातले नाहीत. तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी खोक्यात पडून असेल. त्याला आधी कोरडे करा. मग त्याच्यात काय आहे ते घरातल्यांना सांगा आणि वेळेत ऐका. फूल सगळ्यात शेवटी वाहिले तरी चालते.